फौज परमुलखात, खर्च कुणाच्या वहीत?

२००९ च्या ऑक्टोबरात पेंटॅगॉनच्या अधिकाऱ्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे एक आकडा ठेवला. अफगाणिस्तानातल्या आडवळणाच्या ठाण्यावर पोचलेलं एक गॅलन इंधन ४०० डॉलरपर्यंत पडतं. तेव्हाच्या विनिमय दराने हे झाले लिटरला जवळपास पाच हजार रुपये. त्या वर्षी कोल्हापुरात डिझेल चाळिशीच्या आत होतं, आणि अमेरिकेलाही ते विकत घेताना काही सोन्याच्या भावाने मिळत नव्हतं. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा प्रकार. फक्त इथला मसाला बारा आण्यांवर थांबत नाही.

४०० हा सरसकट भाव नव्हता, हे लगेच सांगायला हवं. जिथे रस्ताच नाही आणि हेलिकॉप्टरशिवाय पर्याय नाही, तिथली ही वरची मर्यादा. पण रस्ता असला तरी हिशोब फार सुखाचा नसे. टँकरबरोबर बंदोबस्ताच्या चिलखती गाड्या, त्यांचं मायलेज लिटरला दीड-दोन किलोमीटर, वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर. म्हणजे तेल पोचवायला तेलच जळतं, आणि माणसंही जातात. अमेरिकी लष्कराच्याच एका अभ्यासात २००७ या आर्थिक वर्षासाठी दर २४ इंधन-ताफ्यांमागे एक जण मेला किंवा जखमी झाला असं प्रमाण निघालं.

बरं, एवढं तेल जातं कुठे? निम्मी मंडळी म्हणतील रणगाड्यांत. ठाणं एकदा वसलं की बरंचसं जनरेटरांत जातं, आणि तिथली गंमत आपल्या उद्यमनगरातला कुठलाही जनरेटर मिस्त्री चहा संपायच्या आत सांगेल. प्रत्येक तंबूसमूहाला आपापला जनरेटर दिलेला असतो, तोही भर उन्हाळ्यात सगळे एसी एकदम चालू होतील असं धरून. प्रत्यक्षात बहुतेक वेळ त्यावर क्षमतेच्या तीस टक्केसुद्धा लोड नसतो. डिझेल इंजिन असं हलक्या लोडवर तासन्‌तास चालवलं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, इंजेक्टरवर आणि एक्झॉस्टमध्ये काजळी साचते, सायलेन्सरच्या सांध्यातून काळं तेलकट पाझरू लागतं. मग इंजिन लवकर उतरवावं लागतं, म्हणजे सुटे भाग आले, आणि तेही त्याच रस्त्याने. उपाय अवघड नाही. चार-सहा जनरेटर एकत्र जोडायचे, लागतील तेवढेच चालू ठेवायचे, तंबूवर फोमचा थर मारून गारवा धरून ठेवायचा. अमेरिकेने हे पुढे केलंही. पण आधी कित्येक वर्षं कुणी केलं नाही, कारण डिझेलचं बिल एका खात्यावर, वाहतुकीचं दुसऱ्या, बंदोबस्ताचं तिसऱ्या. ज्या अधिकाऱ्याच्या तंबूत एसी चालू होता त्याला लिटरमागचे पाच हजार कुठेच दिसत नव्हते.

परदेशात ठेवलेल्या फौजेच्या खर्चाची सगळी गोम इथेच आहे. खर्च लपवलेला नसतो. तो वाटलेला असतो.

कोल्हापूर जिल्ह्यात हा विषय परका वाटू नये. टेंबलाई टेकडीवर प्रादेशिक सेनेची मराठा बटालियन, तासा-दोन तासांवर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, शिरोळ तालुक्यात नावातच सैनिक असलेली टाकळी. इथे घराघरांत भरती, पेन्शन, कॅन्टीन यांवर बोलणं होतं. पण जवान देशाबाहेर गेला की त्याच्यावरचा पैसा कोण भरतो, हा प्रश्न सहसा निघत नाही. खरं तर तो प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याने लंडनमध्ये जाऊन मांडला, तो विद्यार्थी कागल आणि कोल्हापूरचाच.

गोपाळ कृष्ण गोखले कागलला शिकले, पुढे राजाराम कॉलेजात. १८९५ मध्ये भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करायला ब्रिटनने लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १८९७ मध्ये तिशीतल्या गोखल्यांनी त्यापुढे साक्ष दिली. दादाभाई नौरोजी त्या आयोगाचे सदस्यच होते. गोखल्यांच्या तक्रारीचा एक मोठा भाग लष्करी खर्चाचा होता. साम्राज्याच्या लढाया आणि भारतीय रयतेचा कर, असं ते गणित.

कसं चालायचं हे गणित? दोन्ही दिशांनी. भारतात ठेवलेला गोरा सोल्जर म्हणजे खरं तर ब्रिटनची परदेशातली फौज. पण त्याचा पगार भारताने द्यायचा, येण्या-जाण्याच्या जहाजाचं भाडं भारताच्या माथी, आणि त्याला ब्रिटनमध्ये भरती करून कवायत शिकवली त्याचेही पैसे भारताने मोजायचे. या शेवटच्या रकमेचा दर माणशी ठरलेला असे. १८९० पासून साडेसात पौंड, १९०८ ला तो ११ पौंड ८ शिलिंग झाला. यावर चार दशकं हुज्जत चालली. अखेर १९३३ मध्ये एका लवादाच्या निवाड्यानंतर ब्रिटनने भारताला वर्षाला १५ लाख पौंड देऊ केले.

उलट दिशेने भारतीय पलटणी बाहेर जायच्या. १८६७ ला अॅबिसिनियावर (म्हणजे आजच्या इथिओपियावर) मोहीम निघाली, मुंबईहून. ब्रिटनने सांगितलं, जादा खर्च आमचा, नेहमीचा तुमचा. शिपायांना घरी बसवलं असतं तरी पगार द्यावाच लागला असता ना, मग तो तुम्हीच द्या. ऐकायला किती सरळ वाटतं! पण शिपाई घरी बसला असता तर घरच्या कामाला आला असता. आणि जी फौज वर्षानुवर्षं बाहेर पाठवता येते, ती घरच्या गरजेपेक्षा मोठी आहे, मग तिचा ‘नेहमीचा’ खर्च तरी नेहमीचा कसा? नेहमीचा आणि जादा या दोन रकान्यांमधली रेघ कुठे ओढायची, यावरच पुढची दीडशे वर्षं सगळी भांडणं झाली आणि अजून होताहेत. रेघ ज्याच्या हातात, त्याची मोहीम स्वस्त.

स्वस्तात मोहीम उरकायला गेलं की काय होतं, याचा नमुना मराठा पलटणींनी अंगावर घेतला. १९१४ च्या अखेरीस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांशी लढायला गेलेली सहावी डिव्हिजन म्हणजे पुण्याची डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. ही मोहीम भारत सरकार चालवत होतं आणि हात आखडता होता. बसऱ्याला माल उतरवायला धड धक्का नव्हता. आलेली जहाजं आठवडेच्या आठवडे नदीत नांगरून पडत, त्यांतला माल होड्यांनी काढावा लागे. तिथून पुढे रेल्वे नाही, पक्का रस्ता नाही, फक्त टायग्रिस. ती उथळ, वळणावळणाची, उन्हाळ्यात गाळाने भरलेली. तिच्यावर चालतील अशा कमी खोलीच्या आगबोटी मोजक्याच. फौज जसजशी वर बगदादकडे सरकली तसतशी एकेका फेरीला लागणारे दिवस वाढले, म्हणजे तेवढ्याच बोटी आणि पोचणारा माल कमी. पलटणी वाढवल्या, बोटी नाही वाढवल्या. इतकं साधं होतं ते.

७ डिसेंबर १९१५ ला टायग्रिसकाठच्या कुत-अल-अमाराला या डिव्हिजनला तुर्कांचा वेढा पडला आणि तो १४७ दिवस चालला. बाहेर बसऱ्यात धान्य होतं, सैन्यही येऊन पडत होतं. ते वर नेण्याची सोय नव्हती. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. आत भारतीय शिपायांतले बरेच जण घोड्याचं मांस खायला एप्रिलपर्यंत तयार नव्हते, भाजी नव्हती, त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांतून पोती टाकायला सुरुवात झाली, लष्करी इतिहासातला हा पहिलाच मोठा प्रयोग. शिधा अगदी तळाला आणला तरी दिवसाला सव्वादोन टन माल हवा होता. पंधरवड्यात मिळून पडला साडेआठ टनांच्या आसपास. २४ एप्रिलला ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन शिधा घेऊन रात्री निघाली, ती तुर्कांच्या हाती लागली. २९ ला शरणागती. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्यात वाहतुकीवर आणि काटकसरीवर कडक ताशेरे होते. ब्रिटनचे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी भारताच्या तिजोरीतून ब्रिटनला युद्धासाठी १० कोटी पौंडांची ‘भेट’ गेली. भेट म्हणे!

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर मात्र रेघ बरीच सरकली. नोव्हेंबर १९३९ च्या करारात ठरलं की भारताने आपला शांतताकाळचा खर्च भाववाढीसह भरायचा, निव्वळ भारताच्या संरक्षणाचा भरायचा, आणि बाहेर पाठवलेल्या ठरावीक फौजेच्या जादा खर्चापोटी एकरकमी एक कोटी रुपये द्यायचे. बाकी सगळं ब्रिटनचं. पुढे भारताची फौज पंचवीस लाखांवर गेली, आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश असं करत पसरली, तेव्हा हा एक कोटीचा आकडा भारताच्या बाजूने फारच फायद्याचा ठरला. इटलीत यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्या मोहिमेचं बिल कराराप्रमाणे लंडनच्या नावावर होतं.

मात्र बिल नावावर चढणं आणि पैसे हातात येणं यांत फरक आहे. ब्रिटन पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवी. इकडे रिझर्व्ह बँक त्या जमेच्या जोरावर रुपयाच्या नोटा छापी, त्यांनी लष्करासाठी धान्य, कापड, कातडं विकत घेतलं जाई. माल जहाजात चढला, नोटा बाजारात राहिल्या, भाव भडकले. म्हणजे कागदावर ब्रिटनने भरलेला खर्च त्या क्षणी भारतातल्या घरांनी महागाईतून भरला. युद्ध संपलं तेव्हा भारताचं ब्रिटनकडे सुमारे १३० कोटी पौंड येणं होतं. सावकार भारत, कुळ ब्रिटन. ते वसूल कसं करायचं ही डोकेदुखी चिंतामणराव देशमुखांच्या वाट्याला आली, ते १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. वसुलीतून काय काय कापलं गेलं ते शेवटी सांगतो.

याच युद्धाची एक वही खुद्द कोल्हापुरात उघडली होती. गांधीनगरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसांची, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. त्यांतल्या अनेकींचे नवरे-भाऊ जनरल अँडर्स यांच्या पोलिश फौजेत, तीही इटलीत, मराठा पलटणी होत्या त्याच ब्रिटिश आठव्या आर्मीत. छावणीचा खर्च लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारकडून येई. सैनिक एका देशात, सरकार दुसऱ्या, बायकापोरं तिसऱ्या, आणि फौजेच्या कुठल्याच हिशोबात वळिवडे नाही. कुटुंबाचा खर्च हा परदेशी तळाचा नेहमीच विसरला जाणारा भाग. आज जर्मनीत किंवा जपानात अमेरिकेचा कायमचा तळ म्हणजे शाळा, दवाखाना, क्वार्टर्स, दुकान हे सगळं आलंच. रँड या अभ्याससंस्थेने २०१३ मध्ये हिशोब मांडला, तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. सैनिक मायदेशाऐवजी परदेशात ठेवला तर माणशी वर्षाला १० ते ४० हजार डॉलर जास्त, आणि त्याशिवाय तळ नुसता उघडा ठेवायचा म्हणून दर तळामागे वर्षाला ५ ते २० कोटी डॉलर. म्हणून माणसं निम्मी केली तरी खर्च निम्मा होत नाही. तळ बंद केला तरच वाचतो.

यजमान देश पैसे देतो म्हणजे तळ फुकट पडतो, असं हल्ली फार ऐकू येतं. दक्षिण कोरियाचंच बघा. तिथे सुमारे २८,५०० अमेरिकी सैनिक. २०२४ च्या करारानुसार कोरिया २०२६ साली दीड लाख कोटी वॉनहून थोडी जास्त रक्कम देणार. पण ती तीनच गोष्टींसाठी आहे: तळावरच्या कोरियन कामगारांचे पगार, बांधकाम, आणि मालाची ने-आण. अमेरिकी शिपायाचा पगार त्यात नाही. शिवाय यातला बहुतेक पैसा कोरियातच खर्च होतो. जपान १९७८ पासून अशीच रक्कम देतो, त्यात तळांवरचं वीजबिलसुद्धा येतं. जपानच्याच ओकिनावा बेटावरच्या माणसाला विचाराल तर तो वेगळीच वही काढेल. जपानच्या ०.६ टक्के जमिनीवर, म्हणजे ओकिनावात, देशातल्या अमेरिकी तळांच्या खास वापरातली जवळपास ७० टक्के जागा आहे, आणि त्या जागेचं भाडं मिळालं तरी तिथे होऊ शकलं असतं ते शहर मिळत नाही.

याउलट गरीब देश सरळ घरमालक होतो. किर्गिझस्तानने मनास तळाचं भाडं २००९ मध्ये वर्षाला १.७४ कोटी डॉलरवरून ६ कोटींवर नेलं, आणि २०१४ ला अमेरिकेला घालवलंच. आफ्रिकेतल्या जिबूतीने तिथल्या अमेरिकी तळाच्या भाड्याचे २०१४ ला ३.८ कोटींचे ६.३ कोटी केले. अडलेल्या भाडेकरूकडून जास्त घ्यायचं, हे सांगायला अर्थशास्त्र नको. अडलेपणाची खरी किंमत पाकिस्तानने दाखवली. नोव्हेंबर २०११ मध्ये नाटोच्या हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मेल्यावर कराचीहून अफगाणिस्तानात जाणारा रस्ता सात महिने बंद झाला. माल बाल्टिकच्या बंदरांतून रशिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान असा रेल्वेने फिरवावा लागला. अमेरिकेचे संरक्षणमंत्री पॅनेटा यांनी सांगितलं, महिन्याला १० कोटी डॉलर जादा.

आपल्या भागातल्या जवानाला परदेश बहुधा दिसतो तो यूएन मिशनमध्ये. जवानाला चार पैसे जादा मिळतात म्हणून नाव यावं अशी इच्छाही असते. इथला हिशोब पाहण्यासारखा आहे. संयुक्त राष्ट्रांना स्वतःची फौज नाही. पाठवणाऱ्या देशाला दर जवानामागे महिन्याला ठरावीक रक्कम मिळते. २०२२ च्या जुलैत ती १,४४८ डॉलर झाली. हे पैसे सरकारला. जवानाच्या हातात यूएनकडून थेट पडतो तो दिवसाचा भत्ता १.२८ डॉलर, बाकी जे काही ते आपल्या सरकारकडून. रेशन आणि डिझेल यूएनचं, पण स्वयंपाकघर, आचारी, धुलाई, संपर्कयंत्रणा आपली, त्याचे दर वेगळे.

गाड्या-यंत्रांचं मात्र ध्यानात ठेवण्यासारखं आहे. बहुतेक सामान देशाने स्वतःच देखभाल करायच्या अटीवर नेलेलं असतं. पोचल्यावर यूएनचे निरीक्षक करारातली यादी हातात घेऊन एकेक गाडी चालू करून बघतात, पुढेही ठरावीक काळाने तपासतात. यादीतल्या नव्वद टक्के गाड्या चालू असल्या तर पूर्ण पैसे, खाली घसरल्या तर कपात. आता गोम्याला, कांगोच्या पूर्व टोकाला, एखाद्या चिलखती गाडीचा पंप गेला असं धरा. पंप भारतातून निघणार, मोम्बासा बंदरात उतरणार, तिथून केनिया, युगांडा ओलांडत दीड हजार किलोमीटरहून जास्त रस्त्याने जाणार. तोवर गाडी ‘बंद’ आणि पैसेही बंद. म्हणून जाणकार पलटण बंदुकांइतकंच लक्ष फिल्टर, बॅटऱ्या, टायर, फॅनबेल्ट यांच्या पेट्यांवर देते, आणि निघतानाच एकाच मॉडेलच्या गाड्या मागून घेते. चार मॉडेल म्हणजे चार प्रकारचे सुटे भाग. एवढं करूनही यूएनचे पैसे वेळेवर येतील याची खात्री नाही, कारण मोठे वर्गणीदारच थकबाकीदार आहेत.

यूएनची निदान वही तरी आहे. श्रीलंकेत १९८७ ते १९९० आपण यूएनशिवाय, तिथल्या सरकारशी करार करून गेलो, सुमारे बाराशे जवान मारले गेले. ती भरपाई कुणाकडे मागायची?

आता परतीचं. फौज घरी आणली की खर्च थांबला असं वाटतं, तो फक्त वही बदलतो. पूर्व जर्मनीतून सोव्हिएत सैन्य जावं म्हणून १९९० मध्ये जर्मनीने १२ अब्ज मार्क देऊ केले, शिवाय ३ अब्जांचं बिनव्याजी कर्ज. त्यातला मोठा भाग परतणाऱ्या सैनिकांना मायदेशी घरं बांधायला होता, कारण इतकी वर्षं बाहेर असलेल्या फौजेला घरी जागाच नव्हती. अफगाणिस्तानातून निघताना अमेरिकेने २०१३ पर्यंत १७ कोटी पौंड वजनाच्या गाड्या आणि सामान मोडीत काढलं. एकेक सुरुंगरोधक गाडी दहा लाख डॉलरच्या घरातली, पण परत नेण्याचं भाडं आणि दुरुस्ती धरता ती कापून किलोवर विकणं परवडलं. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना भंगाराचा भाव तोंडपाठ असतो, या सौद्याचं त्यांनाही नवल वाटेल. तळांवर उघड्यावर जाळलेल्या कचऱ्याच्या धुराने आजारी पडलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेला २०२२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, त्याचा दहा वर्षांचा अंदाज अडीचशे अब्ज डॉलरच्या वर जातो. यातलं काहीच युद्धाच्या बजेटात नव्हतं.

आणि देशमुखांच्या त्या १३० कोटी पौंडांचं? १९४८ च्या करारात भारताच्या जमेतून आधी १० कोटी पौंड कापले गेले, ब्रिटिश लष्कर इथेच सोडून गेलं त्या सामानाची किंमत म्हणून. मग आणखी सुमारे १७ कोटी पौंड, भारतातली नोकरी संपवून गेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शन ब्रिटनने त्यांना देत राहावी यासाठी.